रूपमतीआधीचा पहारा

मांडवगडच्या दक्षिण टोकाला डोंगर एकदम संपतो. खाली ३६५ मीटरवर निमाडचं मैदान, आणि कड्याच्या अगदी काठावर घुमटांच्या दोन छत्र्या. या दोन छत्र्यांचं चित्र बहुतेकांनी गड पाहण्याआधीच कुठेतरी पाहिलेलं असतं. वाटेत टपऱ्यांवर गोरखचिंचेची लांबट, मखमली लव असलेली फळं विकायला मांडलेली असतात. इथे तिला ‘मांडूची इमली’ म्हणतात, काही जण ‘खुरासानी इमली’. मूळ आफ्रिकेचं हे झाड मांडवगडावर असं रुजलं, की आता गडाची ओळख त्याच्याशिवाय पुरी होत नाही. फळ फोडून आंबट गर चोखत लोक पायऱ्या चढतात, गच्चीवर येतात, आणि गाइडची गोष्ट सुरू होते.

गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची. रूपमती नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय अन्नाला शिवत नसे, म्हणून सुलतान बाजबहादूरने तिच्यासाठी हा महाल बांधला. मग गाइड दक्षिणेकडे बोट दाखवतो. हवा स्वच्छ असेल तर जेमतेम वीस किलोमीटरवर नर्मदेची रुपेरी रेघ दिसते, नसेल तर गाइडच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

गोष्ट छान आहे. फक्त इमारत तिच्यात मावत नाही.

गच्चीवर जायच्या घाईत बहुतेक जण जो भाग ओलांडून जातात, तिथे थांबलं तर हे लगेच कळतं. ही वास्तू एका झपाट्यात उभी राहिलेली नाही, दोन-तीन टप्प्यांत वाढत गेली आहे. पूर्वेला, कड्याच्या काठाशी जो भाग आहे तो सर्वांत जुना: बसकं, दणकट दालन, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक खोली, आणि खाली जाड भिंतींचं जोतं. त्या जोत्याला चांगलाच उतार दिलेला आहे. भिंत खाली रुंद आणि वर निमुळती होत जाते, तटाची असते तशी. राणीला सकाळी नदी दाखवायला एवढ्या जाड भिंती कशाला लागतील? पुढे पश्चिमेच्या अंगाने जोत्यालगत बांधकाम वाढवलं गेलं. ज्या छत्र्यांसाठी लोक येतात त्या सगळ्यांत शेवटी, गच्चीवर चढवलेल्या. बुडाशी चौरस, वर अर्धगोल घुमट, आणि घुमटाला आतून-बाहेरून पन्हळींसारख्या उभ्या रेघा. खालचं दालन आणि वरच्या छत्र्या यांच्यात कामाचा हातच वेगळा आहे. एक गवंडी पहारेकऱ्यासाठी बांधत होता, दुसरा बघणाऱ्यांसाठी.

मुळात ही लष्करी टेहळणीची चौकी होती, असं अभ्यासक मानतात. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी धार दरबारासाठी मांडवगडावर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. ते १९२९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि आजही गडाच्या अभ्यासाची सुरुवात त्याच्यापासून होते. त्या पुस्तकाच्या नावात मांडवगड ‘आनंदाचं नगर’ आहे. हे विशेषण मुसलमान सुलतानांच्या काळातल्या ‘शादियाबाद’ या नावावरून आलेलं. पण आनंदाचं नगर वसवायचं म्हटलं तरी आधी कोणीतरी काठावर रात्र जागवावी लागते.

चौकी तिथेच का, हे समजायला गडावरून थोडं लांब जावं लागेल. देवास जिल्ह्यातलं टोंकखुर्द घ्या. देवासच्या ईशान्येला, मक्सी आणि सोनकच्छ यांच्या दरम्यानचा हा तालुका म्हणजे माळव्याच्या पठाराचा नमुनाच: काळी माती, पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू आणि हरभरा, आणि नजर जाईल तिथवर सपाटी. अशा मुलखात दूरचं बघायला उंचवटाच मिळत नाही. देवासला निदान चामुंडेची टेकडी आहे. टोंकखुर्दच्या शेतकऱ्याला येणारा पाऊस दिसतो, येणारी फौज दिसली नसती. हे पठार दक्षिणेकडे तसंच पसरत जातं आणि पुढे विंध्याच्या कड्यापाशी तुटतं. त्या तुटलेल्या काठावर, काकडाखोह नावाच्या खोल दरीने पठारापासून अलग झालेल्या डोंगरावर मांडवगड आहे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, तरी माळव्याला किनारा आहे तो हाच. दख्खन, खानदेश, वऱ्हाड, यांतून जे काही माळव्यात यायचं ते आधी निमाडात उतरणार, नर्मदा ओलांडणार आणि मग या कड्याखालच्या एखाद्या घाटाने वर चढणार.

हिशोब सोपा आहे. ३६५ मीटर उंचीवरून, मधे अडथळा नसेल तर, क्षितिज साधारण ६८ किलोमीटरवर असतं. प्रत्यक्षात निमाडच्या पलीकडे सातपुडा उभा राहतो आणि नजर तिथे अडते. म्हणजे विंध्य ते सातपुडा हा सगळा पट्टा, मधल्या नदीसकट, या एका दालनासमोर पसरलेला. सामानसुमान, बैल आणि तोफा घेऊन चालणारी फौज दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर कापते. ती नर्मदेच्या उतारावर दिसली, की गडाला तयारीसाठी किमान एक दिवस मिळतो. धुळीचे लोट दिवसा आणि तळावरच्या शेकोट्या रात्री, दोन्ही वरून दिसायला नदीच्या अलीकडे यायचीही गरज नाही.

आणि पाणी? कड्याच्या टोकावर विहीर लागत नाही. म्हणून गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली उतरवून जोत्यातल्या टाक्यात साठवायची सोय आहे. गाइड हे टाकं आवर्जून दाखवतात, पण बहुधा राणीच्या सोयीचं म्हणून. चौकीच्या हिशोबात तेच तर पहिलं काम. ज्या जागेवर माणसं आठवडेच्या आठवडे बसवायची तिथे धान्य खालून नेता येईल, पण पाणी रोज डोक्यावरून वाहून नेणं परवडत नाही. १६१७ मध्ये जहांगीर गडावर मुक्कामाला होता तेव्हा त्याच्यासोबत आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो पाण्याच्या टंचाईने हैराण झाला होता. अख्ख्या गडाची ही गत, तर टोकावरच्या चौकीला आपलं टाकं हवंच.

अशा चौक्या जगभर आहेत, आणि त्यांचं नशीब पाहण्यासारखं आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, ब्रिस्टलच्या खाडीवरच्या कड्यावर मार्टिनहो नावाच्या ठिकाणी एका छोट्या रोमन ठाण्याचे मातीचे बांध उरले आहेत. इसवीसनाच्या पहिल्या शतकात, पलीकडे वेल्समध्ये सिल्युर जमात रोमनांना जुमानत नव्हती, तेव्हा समुद्रावर लक्ष ठेवायला साधारण ऐंशी माणसांची तुकडी इथे असायची. जवळच ओल्ड बरो नावाचं याच्याही आधीचं ठाणं आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आयलीन फॉक्स आणि विल्यम रेव्हनहिल यांनी दोन्ही जागी उत्खनन केलं. मार्टिनहोला बराकींच्या खुणा सापडल्या, भट्ट्या सापडल्या, आणि समुद्राच्या बाजूला इशाऱ्याचे जाळ केल्याच्या जागा. सिल्युरांचा बंदोबस्त झाल्यावर ठाणं सोडून दिलं गेलं. कड्याचा काही भाग ढासळून समुद्रात गेला. बस, एवढंच. तिथे कोणाची प्रेमकथा नाही, म्हणून चौकी चौकीच राहिली. बघायला मात्र फार कोणी जात नाही.

यॉर्कशरच्या किनाऱ्यावर चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमनांनी बुरुजांची एक रांगच उभारली होती. त्यातल्या गोल्ड्सबरोच्या बुरुजात शंभरेक वर्षांपूर्वी खोदकाम झालं तेव्हा माणसांचे सांगाडे आणि त्यांच्यालगत एका मोठ्या कुत्र्याचा सांगाडा मिळाला. शेवटच्या हल्ल्यात पहारा कसा संपला असेल त्याची कल्पना त्यावरून येते. स्कारबरोच्या बुरुजावर पुढे साधारण सहाशे वर्षांनी लोकांनी एक चॅपल बांधलं. उंच, मोकळी, पाया तयार असलेली जागा मिळाल्यावर कोण सोडतो? मांडवगडावर चॅपलच्या जागी छत्र्या आल्या.

मांडवगडची मजा अशी, की गडाच्या जुन्या वेढ्यांचा इतिहास वाचायला घेतला तर टेहळणीचा उपयोग किती झाला यापेक्षा तिला चुकवून कोण कसं आत शिरलं याच्याच हकिकती जास्त. तटाचा घेर चाळीस किलोमीटरच्या घरात, दरवाजे बारा. एवढा पसारा राखायचा कसा, आणि वेढायचा तरी कसा? होशंगशहाने धारहून राजधानी इथे हलवली. १४२२ च्या सुमारास तो हत्ती मिळवायला व्यापाऱ्याच्या वेषात थेट ओरिसाकडे निघून गेला. राजा जागेवर नाही असं पाहून गुजरातचा सुलतान अहमदशहा मांडवगडावर चालून आला. होशंगशहा परतला आणि वेढा चालू असतानाच दक्षिणेच्या तारापूर दरवाजाने आपल्याच गडात शिरला. वेढा पडलाय आणि राजा बाहेरून घरी येतोय!

१५३१ मध्ये गुजरातच्याच बहादूरशहाने गडाची सगळ्यांत उंच बाजू कोणती ती विचारून घेतली, आणि तिथूनच, सोनगड-चितोरीच्या अंगाने, रात्री मोजकी माणसं घेऊन तो वर चढला. तिकडून कोणी येणं अशक्य म्हणून तिथला पहारा ढिला असणार, हा त्याचा अंदाज खरा ठरला. चारच वर्षांनी, १५३५ मध्ये, त्याच्यावर तीच पाळी आली. हुमायूनची माणसं रात्री शिड्यांवरून तट चढली, बहादूरशहा सोनगडाकडे पळाला आणि तिथून दोरांच्या आधाराने खाली उतरून निसटला.

म्हणजे जे कडे चौकीला दूरचं दाखवत होते तेच कडे तिला पायाखालचं दिसू देत नव्हते. नर्मदेवरची नाव दिसेल, पण कपारीला चिकटून वर सरकणारा माणूस नाही. आणि रात्र पडली की दोन्ही नाहीत.

आता रूपमतीकडे यावं. मलिक बायझीद म्हणजे बाजबहादूर १५५५ मध्ये गादीवर बसला. त्याचा म्हणून दाखवला जाणारा खालचा महालही त्याचा नव्हे. दरवाजावरच्या फारसी शिलालेखाप्रमाणे तो सुलतान नासिरुद्दीन खलजीने १५०८-०९ मध्ये बांधला. त्या महालाच्या गच्चीतून वर पाहिलं की टोकावरची चौकी समोर दिसते, त्यामुळे दोन्ही इमारतींना एका गोष्टीत गुंफणं सोपं गेलं असावं. बाजबहादूर गाण्याचा शौकीन होता, रूपमतीही होती, इतकं खरं. तो लढवय्या होता असं मात्र त्याचा मोठा चाहताही म्हणणार नाही. गोंडवनाच्या राणी दुर्गावतीने त्याला झोडपून परत पाठवलं होतं.

१५६१ मध्ये अकबराचा सरदार आदमखान माळव्यावर आला. कुठून? आग्र्याहून, म्हणजे उत्तरेकडून. ज्या बाजूला या चौकीची पाठ आहे त्या बाजूने. गाठ पडली ती सारंगपूरजवळ, टोंकखुर्दपासून पन्नासेक किलोमीटर उत्तरेला, सपाट माळव्यात. कडा नाही, दरी नाही, लपायला जागा नाही. बाजबहादूर हरला आणि पळाला. रूपमती सारंगपुरात आदमखानाच्या हाती लागायच्या बेतात होती, तिने विष घेतलं. तिची हकिकत फारसीत लिहिली गेली ती १५९९ मध्ये, म्हणजे घटनेला चाळीस वर्षं होत आली होती. १९२६ मध्ये एल. एम. क्रम्प या इंग्रजाने ती आपल्या भाषेत आणली. मधल्या काळात चित्रकारांनी या जोडप्याला घोड्यांवर बसवून रात्रीच्या रपेटीला इतक्यांदा पाठवलं, की मुघल आणि पहाडी चित्रांचा क्वचितच एखादा मोठा संग्रह त्यांच्याशिवाय असेल. पुढे हिंदी सिनेमा आला. आणि ज्या गच्चीवरून तिने शत्रूला कधी पाहिलं नाही ती गच्ची कायमची तिच्या नावावर लागली.

चौकीच्या दृष्टीने खरं नाट्य त्याच्या पुढच्या वर्षीचं. माळवा मुघलांकडे होता आणि पळून गेलेला बाजबहादूर खानदेश आणि वऱ्हाडच्या फौजांची मदत घेऊन दक्षिणेत ठाण मांडून होता. मुघल सरदार पीर मुहम्मद त्याच्या मागे नर्मदेपार गेला, मार खाऊन माघारी फिरला, आणि १५६२ मध्ये नर्मदा ओलांडताना बुडून मेला. मग दक्षिणेकडून माळव्यावर चालून येणारा शत्रू म्हणजे खुद्द बाजबहादूर. रूपमतीच्या छत्र्यांखालचा पहारेकरी त्या वर्षी कड्यावर बसला असेल तर तो गडाच्या जुन्या मालकाचीच वाट राखत होता. बाजबहादूरने काही दिवस माळवा परत मिळवलाही, पण तो टिकला नाही. शेवटी, १५७० मध्ये, तो अकबराच्या चाकरीत शिरला.

मराठी वाचकाला या जागेत विशेष रस असायला हवा तो त्यानंतरच्या दीडशे वर्षांसाठी. दक्षिणेकडून येणारे म्हणजे आता आपलेच लोक. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या सुरुवातीला मराठी तुकड्या नर्मदा ओलांडून माळव्यात येऊ-जाऊ लागल्या. १७०३ मध्ये नेमाजी शिंदे आले. उदाजी पवारांचं नाव त्या भागात याच काळात दुमदुमू लागलं. पण निकाल लागला तो १७२८ च्या नोव्हेंबरात. त्याच वर्षी फेब्रुवारीत पालखेडला बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडलं होतं, आता पाळी माळव्याची होती. बाजीराव वऱ्हाडच्या बाजूने निघाला, आणि एकवीस वर्षांचा चिमाजीअप्पा खानदेशातून निमाडात उतरला. सोबत उदाजी पवार, मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्याने नर्मदा ओलांडली.

माळव्याचा मुघल सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर यांनी आधी मोर्चेबांधणी केली होती अमझेऱ्याला, म्हणजे धारच्या पश्चिमेला. मराठे तिथल्या घाटाने वर येतील असा त्यांचा अंदाज. मराठे चढले ते मांडवगडाजवळच्या घाटाने. २९ नोव्हेंबरला अमझेऱ्यापाशी जे झालं त्यात दोघेही भाऊ ठार झाले आणि सुभेदाराची फौज उधळली गेली. दक्षिणेकडून येणाऱ्याला आधी पाहता यावं एवढ्याच एका कामासाठी बांधलेली जागा, समोर दिवसाउजेडी चालत आलेली फौज, आणि अख्ख्या सुभ्याचा अंदाज एका घाटाने चुकलेला! चिमाजीअप्पांची चपळाई मोठीच, पण हे श्रेय निम्मं मुघलांच्या ढिलाईलाही द्यायला हवं. तोवर दिल्लीच्या सुभेदारांना मांडवगड म्हणजे पावसाळ्यातली हवापालटाची जागा वाटू लागली होती. जहांगीर इथे सात-आठ महिने राहिला, जुन्या महालांच्या दुरुस्तीवर त्याने तीन लाख रुपये खर्चले, नूरजहानने गडाच्या परिसरात सहा गोळ्यांत चार वाघ मारले. या सगळ्यात काठावरची चौकी गच्चीच झाली असेल.

दहा वर्षांत, १७३८ मध्ये, निजामाला भोपाळजवळ नर्मदा ते चंबळ हा मुलूख मराठ्यांना लिहून द्यावा लागला. धार पवारांकडे आली, देवास तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार भावांकडे. एका गावात दोन गाद्या, आणि त्या संस्थानं विलीन होईपर्यंत चालल्या. बाजीरावाचा अंत झाला तोही याच निमाडच्या पट्ट्यात, रावेरखेडीला नर्मदेकाठी, १७४० मध्ये. अहिल्याबाईंनी राजधानी केली ते महेश्वर या कड्यावरून आग्नेयेला पंचवीसेक किलोमीटर. म्हणजे पुढचं शतकभर चौकीसमोरच्या सगळ्या देखाव्यावर मराठी अंमल होता. जिकडून शत्रू यायचा तिकडे आता सोयरे राहत होते.

मग मांडवगडाचं काय राहिलं? आडोसा. १८०७ मध्ये दुसरे आनंदराव पवार वारले तेव्हा त्यांच्या विधवा मैनाबाई गरोदर होत्या आणि धारेत गादीसाठी डोळे लावून बसलेले लोक होते. पोटातल्या जिवाला तिथे धोका आहे हे ओळखून त्या मांडवगडावर निघून गेल्या. गडावरच रामचंद्रराव जन्मले. या बाईने पुढे शिंदे-होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमीत धारचं राज्य कसं जगवलं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. गाइडच्या गोष्टीत मात्र मैनाबाईंना जागा नाही. गडावर राणी एकच, आणि तीही जिने ही इमारत बांधवून घेतलीच नाही ती. धारच्या मराठी घरांतून आलेल्या माणसाला हे खटकलं तर नवल नाही.

१८१९ मध्ये धारने इंग्रजांशी तह केला आणि कड्यावरून दक्षिणेकडे पाहण्याचं लष्करी कारण संपलं. मांडवगडच्या वास्तूंचा समूह भारताने १९९८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत घातला, तो तिथेच आहे.

जायचं असेल तर एक सूचना. मांडवगडाला गर्दी असते पावसाळ्यात: हिरवळ, धबधबे, वाऱ्यावर सरकणारे ढग. जहांगीरलाही हाच ऋतू आवडला होता. पण तेव्हा छत्र्यांतून खाली पाहिलं की बहुधा ढगच दिसतो. नद्या भरलेल्या, उतार बंद, फौजा आपापल्या छावण्यांत, अशा दिवसांत पहाऱ्यालाही फारसं काम नसे. मोहिमा निघायच्या दसऱ्यानंतर, सीमोल्लंघन करून. चौकी पाहायची तर म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी जावं, चिमाजीअप्पा आला त्या आठवड्यात. आधी गच्चीवर न चढता पूर्वेच्या बसक्या दालनात शिरावं, दोन्ही टोकांच्या खोल्या पाहाव्यात, बाहेर येऊन जोत्याच्या उतारावर हात ठेवावा. मग वर. नदी सापडली की तिच्या काठाने डावीकडे नजर न्यावी. खलघाटजवळ आग्रा-मुंबई रस्ता नर्मदा ओलांडतो, त्याच्याच आसपास जुना अकबरपूरचा उतार होता, आणि दख्खनच्या फौजा त्या बाजूनेच येत.